व्हाइस सिटीतलं लिटल हवाना: भांडण लावलं कुणी?

अर्धा कप | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी,

दिवाळीला सांगलीला घरी गेलो होतो. माळा आवरताना दहावीची भूमितीची वही सापडली. मागच्या पानावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: पॅन्झर, थग्जटूल्स, लीव्हमीअलोन, अ‍ॅस्पिरिन. शेवटच्याखाली दोन रेघा मारून "शेवटी ई लावायचा!!" ज्यांना कळलं त्यांना कळलं. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी: जीटीए व्हाइस सिटी या गेमचे चीटकोड.

गेम आला २००२ च्या ऑक्टोबरात, पीसीवर २००३ च्या मे महिन्यात. आमच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत पोचायला आणखी वर्ष गेलं असेल. तासाला पंधरा रुपये. कॅफेवाला दादा सेव्ह केलेल्या गेमवर दुसऱ्याला बसवायचा, त्यामुळे आपण काल कुठे होतो हे आज आल्यावरच कळायचं. एके दिवशी आलो तर वादळामुळे बंद असलेले पूल उघडले होते आणि कुणीतरी टॉमीला (गेमचा नायक, म्हणजे खेळणारे आपण) पश्चिमेकडच्या बेटावर सोडून गेलं होतं. बीचवरची गुलाबी हॉटेलं नाहीत, निऑन नाही. बसकी घरं, कॉफीचं दुकान, बोनेटवर ज्वाळा रंगवलेल्या जुन्या गाड्या. ते लिटल हवाना. 'हवाना' हे मला पुढची तीन वर्षं गेमवाल्यांनी शोधून काढलेलं नाव वाटत होतं. क्युबाची राजधानी आहे हे अकरावीत कळलं, तेही क्विझमध्ये चुकल्यावर.

वही सापडली म्हणून गेम परत टाकला आणि वीसेक वर्षांनी पहिल्यांदा संवाद नीट ऐकले. (तेव्हा हेडफोनची एकच बाजू चालायची.) आणि एका ठिकाणी थबकलो.

लिटल हवानात उंबेर्तो रॉबिना, बापाच्या 'कॅफे रॉबिना'त बसून टोळी चालवणारा. सगळं बोलणं मर्दानगीवर. टॉमीची परीक्षा काय, तर वेळेत बोट पळवून दाखव. शेजारी लिटल हैती, तिथली आंटी पूले. (पूले म्हणजे फ्रेंचमध्ये कोंबडी.) ती टॉमीला कसलासा काढा पाजते आणि त्याच्याकडून कामं करून घेते. टॉमी उंबेर्तोसाठी हैतीवाल्यांचा कारखाना उडवतो आणि आंटीसाठी छपरावर बसून क्युबन पोरांना टिपतो. दोन्हीकडचे पैसे खिशात.

हे सगळं आठवत होतंच. विसरलो होतो ते एव्हरी कॅरिंग्टनला. टेक्ससचा बिल्डर, डोक्यावर मोठी हॅट, लांबलचक गाडी. 'टू बिट हिट' नावाच्या मिशनमध्ये तो टॉमीला सांगतो, क्युबनांचे कपडे घाल, हैतीवाल्यांच्या अंत्यविधीत घूस आणि त्यांच्या म्होरक्याला उडव. का? तर टोळीयुद्ध पेटलं की जागांचे भाव पडतात आणि भाव पडले की हा विकत घेणार.

म्हणजे ज्या भांडणात आपण पोरं दोन-दोन तास "क्युबन भारी की हैतीवाले भारी" करत भांडलो, ते एका बिल्डरने पेटवलेलं होतं. आणि काडी आपल्याच हातात होती!

तर प्रश्न दोन. एक, हे कुणाच्या तेव्हा लक्षात आलं होतं का? दोन, व्हाइस सिटी ज्या मियामीवर बेतलंय, त्या खऱ्या मियामीतलं लिटल हवाना कसं आहे? कुणी पाहिलंय?


झुणका भाकर डॉट कॉम | शनिवार, रात्री ११:४१

पयला! सविस्तर उद्या. तूर्तास एवढंच की आम्ही हैतीवाल्यांना 'हेशन' म्हणायचो आणि ती 'हे शान' नावाची चिनी टोळी आहे अशी माझ्या भावाची ठाम समजूत होती.


पत्र्याचं घर | रविवार, सकाळी ८:०५

प्रश्न १: नाही. आम्हाला मिशनच माहीत नव्हती. आम्ही फक्त रणगाडा मागवून पुलावर उभे राहायचो.


स्पष्टवक्ता | रविवार, सकाळी ९:३०

धागाकर्ते, जरा ओढूनताणून होतंय असं नाही वाटत? दोन्ही टोळ्यांची खुन्नस आधीपासून आहेच, बिल्डर फक्त तिचा फायदा घेतो. आणि शेवटी गेम आहे हो. त्यात आइस्क्रीमचा कारखानासुद्धा आइस्क्रीम विकत नाही. लिटल हवानातच आहे तो, वीस हजार डॉलरला मिळतो आणि गाडीतून वेगळाच माल जातो. मग काय, आइस्क्रीमवाल्यांनी मोर्चा काढायचा?


अर्धा कप | रविवार, सकाळी १०:१२

स्पष्टवक्ता साहेब, खुन्नस आधीची, मान्य. 'भांडण लावलं' ऐवजी 'धुमसत्यात रॉकेल ओतलं' म्हणू. शीर्षक आता बदलता येत नाही.

मोर्चाचं म्हणाल तर निघाला होता! आइस्क्रीमवाल्यांचा नाही, हैतीच्या लोकांचा. २००३ च्या शेवटी न्यूयॉर्क आणि फ्लोरिडातल्या हैतीयन संघटना रस्त्यावर आल्या, कारण गेममध्ये हैतीच्या लोकांना मारून टाकण्याची भाषा होती. डिसेंबरात कंपनीने माफी मागितली आणि पुढच्या प्रतींमधून ती वाक्यं काढायचं कबूल केलं. आपल्या कॅफेतली सीडी कुठली होती हे विचारू नका. तिच्यावर स्केचपेनने 'वाइस सीटी' लिहिलेलं होतं.


मावशी फ्लोरिडावाली | रविवार, दुपारी १:५०

मी गेम खेळलेले नाही, मुलगा खेळायचा आणि मी ओरडायचे. पण प्रश्न दोनचं उत्तर माझ्याकडे आहे. मियामीपासून तासाभरावर राहते, अकरा वर्षं झाली.

खऱ्या लिटल हवानाचा कणा म्हणजे साउथवेस्ट आठवा रस्ता. त्याला सगळे 'काये ओचो' म्हणतात, स्पॅनिशमध्ये आठवा रस्ता. सगळ्यात आधी कॉफीबद्दल सांगते, कारण माझी तिथली ओळख तिथूनच झाली. तिथल्या बऱ्याच खाणावळींना रस्त्याच्या बाजूला एक खिडकी असते, 'व्हेंतानिता'. आत जायचंच नाही. फुटपाथवर उभं राहायचं, खिडकीतून मागायचं, तिथेच प्यायचं आणि तिथेच राजकारण करायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाटीवर 'कोलादा' वाचलं आणि स्वतःसाठी एक मागितलं. खिडकीतल्या बाईने थर्माकोलचा एक पेला दिला आणि वर पाच-सहा बोटभर प्लास्टिकचे कप उपडे घालून दिले. मला वाटलं चुकून दिले. मी तो पेला एकटीने तोंडाला लावला. शेजारचे आजोबा माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी श्रीखंडाचं पातेलंच तोंडाला लावलंय. कोलादा एकट्याने प्यायची नसते. एकाने घ्यायची, छोट्या कपांत ओतायची आणि ऑफिसात, दुकानात, शेजाऱ्याला वाटायची. आपल्या कटिंगची थोरली बहीणच. त्या रात्री मी तीनपर्यंत जागी होते.

वर जो फेस असतो तो दुधाचा नाही बरं का. मोका पॉटमधून (गॅसवर ठेवायची कॉफीची किटली) कॉफीचे पहिले काही थेंब आले की ते साखरेवर घालायचे आणि चमच्याने फेटत राहायचं. साखर आधी ओल्या वाळूसारखी होते, मग फिकट, मग सायीसारखी. मग उरलेली कॉफी ओतायची, फेस आपोआप वर येतो. त्याला 'एस्पुमिता' म्हणतात.

दुसरं, डॉमिनो पार्क. खरं नाव माक्सिमो गोमेस पार्क. हा क्युबाच्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती, आणि गंमत म्हणजे जन्माने डोमिनिकन. म्हातारी माणसं टेबलांवर डॉमिनो आपटत बसलेली असतात. मुद्दाम आपटतात. आपल्याकडे मिळतो तो संच अठ्ठावीस सोंगट्यांचा, यांचा पंचावन्न, कारण ठिपके सहापर्यंत नाहीत, नऊपर्यंत. चौघांना दहा-दहा, उरलेल्या पंधरा पालथ्या बाजूला. त्या पंधरांत काय आहे ते शेवटपर्यंत कुणाला कळत नाही, म्हणून भांडणं.

टोळी म्हणाल तर मला दिसली नाही. कोंबडे दिसले. रंगवलेले, माणसाएवढे, दुकानांच्या दारात. अधूनमधून खरेही.


खिडकीतला कावळा | रविवार, दुपारी २:३०

मावशी, जबरदस्त. धाग्यापेक्षा प्रतिसाद भारी. (धागाकर्त्याने दिवे घ्यावेत.)


तळटीप | रविवार, संध्याकाळी ६:४०

मावशींच्या चित्राला थोडी तारखांची चौकट.

ही वस्ती मुळात क्युबनांची नव्हती. रिव्हरसाइड आणि शेनंडोआ ही तिथली जुनी नावं, बरीच ज्यू कुटुंबं राहायची. १९५९ ला क्युबात क्रांती झाली आणि आधी पैसेवाले आणि डॉक्टर-वकील निघाले. "कास्त्रो (क्रांतीचा म्होरक्या) वर्षभरात पडेल, मग परत जाऊ" या हिशेबाने. १९६० ते १९६२ मध्ये चौदा हजारांवर मुलं आईबापांशिवाय विमानात बसवून पाठवली गेली, तिला पेद्रो पान मोहीम म्हणतात. १९६५ ते १९७३ सरकारी विमानफेऱ्या. भाडी स्वस्त, डाउनटाउन जवळ, म्हणून सगळे आठव्या रस्त्याच्या आसपास स्थिरावले. परत जाणं राहिलंच. तेराव्या अ‍ॅव्हेन्यूवर १९६१ च्या बे ऑफ पिग्ज मोहिमेत (कास्त्रोला उलथवायची फसलेली चढाई) मेलेल्यांसाठी अखंड ज्योत तेवते आहे.

गेम घडतो १९८६ मध्ये. त्याच्या आधीचं कळीचं वर्ष १९८०. एप्रिल ते ऑक्टोबर, मारिएल बंदरातून बोटींनी साधारण सव्वा लाख क्युबन फ्लोरिडात आले. कास्त्रोने त्यात तुरुंगातले काही लोकही चढवले. खरे अट्टल गुन्हेगार फार थोडे, पण बदनामी सगळ्यांच्या वाट्याला आली. राहायला जागा नाही म्हणून हायवेखाली तंबू ठोकले गेले. उंबेर्तोच्या टोळीसारखी पात्रं या बदनामीच्या मातीतून उगवलेली आहेत. त्याच नोव्हेंबरात डेड काउंटीच्या (मियामीचा जिल्हा) मतदारांनी सरकारी कारभारात इंग्रजीखेरीज भाषा नको असा ठराव केला, तो रद्द व्हायला १९९३ उजाडलं. (पाट्यांच्या धाग्यावर रोज भांडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता मुख्य मुद्दा. त्याच १९८० मध्ये हैतीतूनही हजारो लोक बोटींनी आले. समुद्र तोच, किनारा तोच. पण क्युबनांसाठी १९६६ पासून वेगळा कायदा होता, कायम राहण्याचा मार्ग मोकळा. हैतीवाल्यांना "तुम्ही छळामुळे नाही, गरिबीमुळे आलात" असं सांगितलं गेलं आणि १९८१ पासून त्यांच्या बोटी समुद्रातच अडवून परत पाठवायला सुरुवात झाली. दोन शेजाऱ्यांत कडवटपणा असलाच तर तो या असल्या वागणुकीतून आला. गेममध्ये याचा मागमूस नाही. तिथे एक पक्ष मर्दानगीवर बोलतो आणि दुसरा काढा पाजतो.

शिवाय गेममध्ये दोन्ही वस्त्या खेटून आहेत. खऱ्या मियामीत नाहीत. लिटल हवाना डाउनटाउनच्या पश्चिमेला, नदीच्या अलीकडे. लिटल हैती चांगलं उत्तरेला, जुन्या लेमन सिटीच्या जागी. मारामारी सोयीची व्हावी म्हणून नकाशा दुमडला आहे.


स्पष्टवक्ता | रविवार, संध्याकाळी ७:१५

तळटीप, माहितीबद्दल धन्यवाद, पण गेममध्ये कुणाचं चित्रण बरं आहे? टॉमी इटालियन, तो खुनी. बिल्डर गोरा, तो हरामखोर. वकील तर बघायलाच नको. सगळ्यांची सारखीच टर उडवली आहे.


तळटीप | रविवार, संध्याकाळी ७:५०

सगळ्यांची टर उडवली, खरं. सारखी नाही. बिल्डर हरामखोर आहे, पण त्याला डोकं आहे, योजना आहे, आवाज हॉलिवूडच्या बर्ट रेनॉल्ड्सचा आहे. क्युबन आणि हैतीयन पोरांना फक्त मरायचं काम आहे. उंबेर्तोला आवाज दिलाय नट डॅनी ट्रेहोने, तो मेक्सिकन वंशाचा अमेरिकन. आंटी पूलेला आवाज टीव्हीवर फोनवरून भविष्य सांगणाऱ्या मिस क्लिओचा. बाई स्वतःला जमैकाची म्हणवायची, जन्म लॉस एंजेलिसचा. म्हणजे क्युबन क्युबन नाही, हैतीयन हैतीयन नाही, आणि अमेरिकेत कुणाला फरकही पडला नाही.


झुणका भाकर डॉट कॉम | रविवार, रात्री ८:०२

डॅनी ट्रेहो!! हे माहीत नव्हतं. आता परत खेळणे आले.


गिरणीचा भोंगा | रविवार, रात्री १०:३५

मी लालबागचा. धागा वाचला आणि बिल्डरवाल्या मिशनशी अडलो.

आमच्या चाळीत १९९० च्या दशकात दोन मंडळांत वाद होते. गणपतीच्या वर्गणीवरून, मैदानावरून, नेहमीचेच. मग एका वर्षी अचानक दोन्ही मंडळांना एकाच माणसाकडून टी-शर्ट मिळाले. एकांना भगवे, एकांना पिवळे. फुकट. त्या वर्षी मारामारी झाली आणि तीन कुटुंबं "पोरांवर वाईट संस्कार होतायत" म्हणून खोल्या विकून गेली. खोल्या कुणी घेतल्या ते सांगत नाही, तुम्ही हुशार आहात. पुरावा काही नाही. माझे वडील मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, "टी-शर्ट कुणी वाटले ते बघा."

त्यामुळे 'क्युबनांचे कपडे घालून जा' हे वाचलं तेव्हा गेम लिहिणाऱ्याला मनात नमस्कार केला.


पत्र्याचं घर | रविवार, रात्री १०:५०

+१००. "टी-शर्ट कुणी वाटले ते बघा" हे आता फोनवर वॉलपेपर लावतो.


मावशी फ्लोरिडावाली | सोमवार, पहाटे ५:२०

गिरणीचा भोंगा दादा, तुमचं वाचून पुढचं लिहावंसं वाटलं.

आता काये ओचोवर क्युबन कमी होत चाललेत. मुलंबाळं सावरली तशी हायलिया वगैरे भागात गेली. त्यांच्या जागी निकाराग्वा, होंडुरासची माणसं आली. खिडकीतून कॉफी देणारी बाई आता बऱ्याचदा निकाराग्वाची असते, पण कॉफी मात्र क्युबनच. जुनी एक-दोन मजली घरं बिल्डरांच्या डोळ्यात आहेतच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा न्यासाने २०१५ मध्ये लिटल हवानाला धोक्यातल्या अकरा ठिकाणांत घातलं होतं. त्या भागात जास्त उंच बांधायची परवानगी द्यायचं चाललं होतं म्हणून.

आणि लिटल हैतीचं ऐका. मियामीत किनाऱ्यालगतच्या भागात भरतीचं पाणी रस्त्यावर येतं. लिटल हैती समुद्रापासून आत आणि थोड्या उंचीवर. इतकी वर्षं 'लांबची, गरिबांची वस्ती' म्हणून कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आता अचानक ती 'उंचावरची जमीन' झाली. भाडी वाढली, जुनी दुकानं बंद पडली. कुणी गोळी झाडली नाही.

आमच्या गाडीचं काम करणारे मेकॅनिक हैतीचे. परवा म्हणाले, आम्हाला समुद्राने इथे आणलं आणि आता समुद्रच घालवतोय.


अर्धा कप | सोमवार, दुपारी १२:४०

मावशी, हे वाचून जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच राहिला.

परवा रात्री मुद्दाम एक केलं. मिशन न घेता लिटल हवानात नुसता पायी फिरलो. गाडी नाही, बंदूक नाही, घड्याळ लावून वीस मिनिटं. कॅफे रॉबिनासमोर मिशन सुरू करणारा गुलाबी गोल चमकत होता, त्यात पाय ठेवला नाही. माणसं ठरावीक रस्त्यांवरून जातात, कोपऱ्यावर वळतात, दोघं समोरासमोर आली की एकमेकांना चुकवतात. डॉमिनो कुणी खेळत नाही, कुणी बसतही नाही. बसायला जागाच नाही केलेली. एका बाईला चुकून धक्का लागला, तिने स्पॅनिशमध्ये काहीतरी सुनावलं आणि चालू पडली. सगळ्या वस्तीत तेवढीच काय ती खरी वाटली.

मग पोलिसांच्या गाडीवर आदळलो आणि वीस मिनिटं संपली.


खिडकीतला कावळा | सोमवार, दुपारी ३:१०

आता नवीन येतोय त्यातही ही वस्ती आहे म्हणे? जीटीए सहा?


झुणका भाकर डॉट कॉम | सोमवार, दुपारी ३:२५

आहे! पण नाव बदललंय, 'लिटल क्युबा'. २०२५ च्या मे महिन्यात दुसरा ट्रेलर आला तेव्हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टारच्या साइटवर व्हाइस सिटीचं वर्णन टाकलं, त्यात लिटल क्युबातल्या गजबजलेल्या 'पानादेरिया'. म्हणजे बेकऱ्या. टोळीचा उल्लेख नाही, पावाचा आहे. तारीख मात्र आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. तोपर्यंत माझा मुलगा दहावीला जाईल आणि मला ओरडावं लागेल.


स्पष्टवक्ता | सोमवार, दुपारी ४:००

पाव दाखवून दरोडाच घालायला लावतील. लिहून ठेवा.

(गिरणीचा भोंगा यांचा प्रतिसाद मात्र वाचनखूण म्हणून साठवला आहे. माझ्या पहिल्या प्रतिसादातला 'ओढूनताणून' हा शब्द मागे घेतो. बाकीचा प्रतिसाद कायम.)


तळटीप | सोमवार, संध्याकाळी ६:१५

बेकऱ्या दाखवणार असतील तर माझी एकच अट. खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी, आणि खिडकीसमोर माणसं नुसती उभी राहायला हवीत, काही न करता. ते जमलं तर अर्धी लढाई जिंकली.


अर्धा कप | रविवार, सकाळी ९:५०

धागा वर काढतोय, क्षमस्व. मावशी, काल मोका पॉट आणला. पहिले थेंब, तीन चमचे साखर, फेटतोय फेटतोय, वाळूच्या पुढे जायला तयार नाही. सायीसारखं कधी होतं?


मावशी फ्लोरिडावाली | रविवार, सकाळी १०:३०

थेंब जास्त घातलेस. एक चमचा पुरे, कमीच. आणि साखर बारीक घे, आपली जाडी साखर असेल तर मिक्सरमधून एकदा फिरव. हात दुखेपर्यंत फेट. आणि एकट्याने पिऊ नकोस रे.


अर्धा कप | रविवार, सकाळी ११:१५

झालं! समोरच्या ब्लॉकमधल्या काकांना बोलावलं. आमचं पार्किंगवरून दोन महिने बोलणं नव्हतं. वाटीएवढ्या स्टीलच्या पेल्यात दिली. म्हणाले, "चहा नाही का?"